दुनळीचं माप

[दृश्य: कामाचा ओटा, त्यावर चामड्याचा तुकडा, त्यावर उघडलेली बंदूक]

ग्वाल्हेरचं लष्कर. महाराज बाड्याजवळच्या गल्लीतला हा कामाचा ओटा. समोर आहे बारा बोरची दुनळी: नळ्या शेजारी-शेजारी, चाप दोन, घोडे आत लपलेले. चंबळच्या पट्ट्यात परवान्याच्या अशा बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत. आजोबांच्या नावावरच्या, मग वडिलांच्या, आता नातवाच्या. मालकाची तक्रार एका ओळीची: नेम लागत नाही, जरा चोक बघा.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी मुद्दाम अरुंद ठेवलेला भाग. कारागीर तिकडे सगळ्यात शेवटी जाणार आहे. आधी जोड, मग नळी, मग चाप, आणि खरा वेळ लाकडाला.

[दृश्य: पुढचं लाकूड काढलं जातं, हलवण्याचा आवाज]

पहिली तपासणी. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहिलं आणि काडतुसाच्या दोन्ही घरांत बोट घालूनही पाहिलं. मग पुढचं लाकूड काढलं. त्यातली स्प्रिंग नळ्यांना मागे दाबून धरते आणि झीज झाकते, म्हणून ते काढल्याशिवाय जोड कळत नाही. आता बंदूक बंद करून कुंद्याच्या मानेला धरून हलवली. हा जो बारीक 'टक् टक्' ऐकू येतो, तो यायला नको. नळ्यांची मागची बाजू आणि बॉडीची उभी भिंत यांच्यात पातळ कागदाची पट्टी ठेवून बंदूक बंद करा. पट्टी अलगद निघून आली, तर जोड सुटली आहे.

ही जोड बसवायची रीत नीट पाहण्यासारखी आहे. घासलेटच्या चिमणीची काजळी नळ्यांच्या मागच्या बाजूवर धरली. बंदूक बंद केली, उघडली. जिथे काजळी पुसली तिथे धातू टेकतो, जिथे काळं राहिलं तिथे फट आहे. बिजागरीची पिन झिजली असेल तर तिच्यापेक्षा किंचित जाड नवी पिन घालतात. पिनेत अडकणारा आकडा झिजला असेल तर त्यावर वेल्डिंगने धातू चढवून कानशीने उतरवतात. पुन्हा काजळी, पुन्हा बंद, पुन्हा दोन घासे. दुपार यातच जाते.

दुसरी एक रीत बाजारात चालते: आकड्यावर छिन्नी-हातोड्याने चार ठोके मारायचे. धातू पसरतो, बंदूक गच्च बसते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण ठोकून पसरलेला धातू थोड्याच फैरींत दबतो, आणि पुढच्या खऱ्या कारागिराला घासायला जागा उरत नाही. या कामाला दुरुस्ती म्हणू नये. फट राहिलेल्या बंदुकीत काडतुसाच्या पितळी बुडाला मागे आधार नसतो. ते फुटून वायू चेहऱ्याकडे येऊ शकतो.

[दृश्य: नळ्या खिडकीच्या उजेडाकडे]

आता नळ्या. आधी त्या बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवतात. घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी, म्हणजे रीब, घट्ट आहे. खरखर आली तर झाळ सुटली आहे आणि आत पाणी शिरतं आहे.

मग आतून बघायचं. खिडकीच्या गजाची सावली नळीत सरळ रेघ होऊन पळते. जिथे ती मोडते तिथे पोचा आहे. पूर्ण गोल कडी दिसली तर तो पोचा नाही, फुगवटा आहे: कधीतरी नळीत काहीतरी अडकलेलं असताना बार झाला. साफ करायची चिंधी असते, चिखल असतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हमखास कुंभारीण माशी नळीत मातीचं घर बांधते. पोचा आतून गज घालून उठवता येतो. फुगवट्याच्या जागी धातू ताणून पातळ झालेला असतो, तिथे हातोडीचं काम नाही. आधी जाडी मोजायची. नळीची भिंत कुठेही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर कारागीर बंदूक परत देतो. आतले गंजाचे खड्डे घासून काढा म्हणणाऱ्यांनाही हेच लागू: खड्डा काढायचा म्हणजे भिंत पातळ करायची. वेटोळ्यांची नक्षी दिसणाऱ्या जुन्या दमास्कस नळ्यांत आजचं काडतूस घालायचंच नाही.

आणखी एक मोजणी, तिला दोन मिनिटं लागतात: काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या विलायती बंदुकांचं घर अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. ही लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. दुमडलेलं ७० चं काडतूस ६५ च्या घरात सहज शिरतं, बंदूकही बंद होते. बार झाल्यावर उघडलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडतं आणि दाब वाढतो. काडतूस देशी शक्तिमान असो वा परदेशी, डब्यावरची लांबी वाचा आणि नळीवरचा शिक्का वाचा. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या खिशात कधीही ठेवू नका. ते बारीक असतं, घरातून पुढे घसरून अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून बाराचं घातलं जातं. नळी फाटते.

[दृश्य: बॉक्सलॉक उघडा, स्प्रिंग]

आतली यंत्रणा, म्हणजे बॉक्सलॉक, अँसन आणि डीली यांच्या १८७५ च्या पेटंटची: नळ्या खाली मोडल्या की घोडे आपोआप चढतात. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असा पेचकस घासूनच घेतलेला आहे. ढिला पेचकस खाच खराब करतो, आणि खराब खाचा दिसल्या की आधी इथे कोण येऊन गेलं ते कळतं. काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर मार हलका पडत असेल तर बहुधा थिजलेलं जुनं तेल किंवा थकलेली स्प्रिंग. टोपीवर मार देणाऱ्या पिनेचं टोक अर्धगोल आणि गुळगुळीत हवं. टोक खरबरीत झालं तर टोपीला भोक पडतं.

चापाचं वजन काट्याने मोजतात. पुढचा साधारण पावणेदोन किलो, मागचा त्याहून पाव किलो जड. मागचा जड का? पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरा सुटू नये म्हणून. 'चाप मऊ करून द्या' ही मागणी रोज येते. घोड्याची खाच घासली की चाप मऊ होतो खरा, पण कोन बिघडला तर बंदूक नुसत्या आपटण्याने सुटते. सेफ्टीवर भिस्त ठेवू नका. बहुतेक बॉक्सलॉकमध्ये ती फक्त चाप अडवते, घोडा नाही.

[दृश्य: उकळतं पाणी, लाल नळ्या काळ्या होताना]

हे दृश्य पुरतं बघा. नळ्यांना काळा रंग चढतो आहे, पण रंग असा काही लावलेलाच नाही. हा गंज आहे. नळ्या बारीक पॉलिश करून, खडूच्या पुडीने तेलाचा मागमूस काढून, तोंडांना लाकडी बुचं मारली आहेत. यानंतर उघडा हात लागता कामा नये, बोटाचा ठसाही उमटतो. गंज आणणाऱ्या द्रावणाचा एकच पातळ हात कापसाने फिरवायचा. मेच्या कोरड्या उन्हात पेटीत ओली फडकी टांगावी लागतात. जुलैत हवाच काम करते, उलट नजर ठेवावी लागते, नाहीतर गंज खोल जातो. काही तासांत तांबूस लव येते. मग स्वच्छ उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. लाल गंज पाण्यात काळा होतो. बारीक तारेच्या ब्रशने सुटी पूड झाडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा ते दहा फेऱ्या. मग तेल.

एका तासात रंग देणारी गरम क्षारांची टाकीही असते. एकनळीला ती चालेल. दुनळीच्या रीबची झाळ शिशा-कथलाची. ते क्षार तिला खातात. घाईत काळ्या केलेल्या दुनळीची रीब वर्षा-दोन वर्षांत सुटून येते ती यामुळे.

[दृश्य: कुंदा, मानेजवळचा काळा डाग]

आता लाकूड. काश्मिरी अक्रोड. मानेजवळ हा जो काळा ओलसर पट्टा आहे, ते तेल आहे. बंदूक वर्षानुवर्षं कुंद्यावर उभी ठेवली, तेल उतरत लाकडात मुरलं, लाकूड मऊ झालं आणि धक्क्याने चीर पडली. खडूच्या पुडीचा लेप लावून ऊब दिली की पूड पिवळी पडत जाते, तेल बाहेर येतं. पूड पांढरी राहीपर्यंत हे चालतं; त्याआधी चिकटवलेली चीर टिकत नाही. घरी बंदूक तोंड खाली करून ठेवली असती तर हे काम निघालंच नसतं.

आणि आता मालकाची तक्रार: नेम. छर्ऱ्याच्या बंदुकीला मागची दृष्टी, म्हणजे रायफलीवर डोळ्याजवळ असते तशी नेमाची खाच, नसते. इथे मागची दृष्टी म्हणजे नेमबाजाचा डोळा, आणि डोळा कुठे येईल हे कुंदा ठरवतो. गाल टेकतो ती कड खाली असेल तर डोळा खाली, मार खाली. कड उंच, तर मार उंच. उजव्या खांद्याच्या माणसाला कुंदा बाहेर पुरेसा वळलेला नसेल तर डोळा रीबच्या डावीकडे राहतो आणि मार डावीकडे जातो.

[दृश्य: चुना लावलेली लोखंडी पाटी, मध्ये ठिपका]

मोजायची रीत जुनी आणि पक्की. १६ यार्डांवर पाटी, म्हणजे साधारण साडेचौदा मीटर. नेम न धरता, नजर ठिपक्यावर ठेवून, बंदूक पटकन खांद्याला लावून सहा-आठ बार. छर्ऱ्यांच्या झुंबडीचा मध्य ठिपक्यापासून एक इंच सरकलेला असेल, तर डोळ्यापाशी लाकूड एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास, हलवायचं. या बंदुकीचा मध्य तीन इंच डावीकडे आणि दोन इंच खाली आहे. चोकचा यात काही संबंध नाही. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात फुल चोक सुमारे ७० टक्के छर्रे ठेवतो, हाफ सुमारे ६०. वर्तुळच उडत्या तबकडीच्या बाजूला पडत असेल तर ते आवळून काय मिळणार?

लांबीबद्दलही बोलायला हवं. कोपराच्या खाचेत कुंदा टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का, ही चाचणी सगळीकडे करतात. तीत मान, खांदा, छाती काहीच मोजलं जात नाही. बंदूक नीट खांद्याला असताना अंगठ्याचं मूळ आणि नाक यांत दोन-तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे. अंगठा नाकावर आदळला तर कुंदा आखूड. कुंदा काखेत अडकला तर लांब. ट्रॅपच्या, म्हणजे उडत्या तबकड्या फोडण्याच्या खेळाच्या, परदेशी बंदुका साडेचौदा इंचांच्या पुढे येतात, आणि साडेपाच फुटांच्या मुला-मुलींना त्या तशाच विकल्या जातात. हे थांबायला हवं. मागचं रबर पॅड बदलून, लाकूड थोडं कापून ही दुरुस्ती होते.

[दृश्य: मानेवर कापड, गरम तेलाची धार]

वळण द्यायला मात्र हे करावं लागतं. यंत्रणा उतरवली, मानेला सुती कापड गुंडाळलं. जवसाचं तेल, धूर निघायच्या थोडं आधीपर्यंत तापवलेलं, वीसेक मिनिटं सतत ओतलं जातं. मग कुंदा आवळून धरणाऱ्या चौकटीचा स्क्रू, पाव फेरा, थांबा. पाव फेरा, थांबा. हवं त्यापेक्षा किंचित जास्त वळवायचं, कारण थंड होताना लाकूड थोडं परततं. रात्रभर चौकटीत. मानेतले रेषे आडवे निघून गेले असतील तर हे करूच नये, तिथेच तुटतं.

[दृश्य: भोपाळ, राज्य नेमबाजी अकादमीची ट्रॅप रेंज]

आता उडत्या तबकडीवरचा नेम. तबकडी ११० मिलिमीटरची. काडतुसात २४ ग्रॅम छर्रे, २.४ मिलिमीटरचे घेतले तर सुमारे ३००. नळ्यांच्या टोकावरच्या नेमाच्या मण्याला माशी म्हणतात.

"काका, माशी तर बरोबर तबकडीवर होती."

"माशी दिसली ना तुला? मग तिथेच चुकलं. तबकडी बघत राहा. आणि मान वाकवू नकोस, बंदूक वर आण."

बंदूक आधी गालाला, मग खांद्याला. वजन पुढच्या पायावर. दोन्ही डोळे उघडे, पण आधी जोरकस डोळा कोणता ते तपासून: बोट दूरच्या खुणेवर धरा, एकेक डोळा मिटा, जो मिटल्यावर बोट खुणेवरून उडी मारतं, तो जोरकस. खांदा उजवा आणि डोळा डावा निघाला, तर चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून सुरुवात करा.

आडव्या तबकडीच्या पुढे किती? ३० मीटर जायला छर्ऱ्यांना साधारण ०.०९ सेकंद लागतो. तबकडीचा वेग सेकंदाला १८ मीटर धरला तर तेवढ्यात ती दीड मीटरहून जास्त सरकते. हा हिशेब डोक्यात करायचा नसतो. मागून येऊन तबकडी ओलांडायची आणि चाप दाबल्यावरही नळ्या फिरत ठेवायच्या. चुकलेले बहुतेक बार मागे जातात, कारण चाप दाबताना हात थांबतो.

[दृश्य: नोंदवही]

दुरुस्तीलाही परवाना लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवानाधारक कारागिराशिवाय हे काम करता येत नाही. नळी परस्पर आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

निवडणुकीत बऱ्याचदा बंदूक जमा करावी लागते आणि ती अनेक आठवडे कपाटात पडून राहते. जमा करण्याआधी नळ्या आतून-बाहेरून पुसून तेलाचा पातळ हात द्या, धातूवर ओलं चामड्याचं कव्हर घालू नका. घोडे उतरवताना घरात नकली काडतुसं ठेवा, म्हणजे पिनांवर कोरडा मार पडत नाही. परत मिळाल्यावर पहिलं काम: पुढचं लाकूड काढा, नळ्या वेगळ्या करा, उजेडाकडे धरा आणि दोन्ही नळ्यांतून कोरडी चिंधी आरपार काढा. त्यानंतरच काडतुसाच्या डब्याला हात लावा.