दार श्रावणातलं की शिमग्यातलं?

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "दार फुगलंय, जरा जोर लावून ओढ." न्हाणीघराचं दार चौकटीत अडतं, फडताळ उघडता उघडत नाही. दिवाळी उलटली की तेच दार, कुणी हात लावलेला नसताना, पुन्हा अलगद लागायला लागतं. आज मला दागिन्यांच्या एका छोट्या लाकडी पेटीबद्दल सांगायचं आहे, आणि तिची सगळी गोष्ट या फुगण्याशी बांधलेली आहे.

मी चिपळूणला राहते. गेली चौदा वर्षं हौसेनं लाकूडकाम करते. रंधा धरायला आमच्या आळीतल्या सुतारकाकांनी शिकवलं. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्यासाठी पेटी करायची असं मी मनात घेतलं. वर झाकण असलेली फणेरपेटी नाही, उभी पेटी, लहानशा कपाटासारखी, पुढे दार असलेली. मोहनमाळ, बोरमाळ, ठुशी एका डब्यात ठेवल्या की एकमेकींत गुंततात, आणि नेमकं कार्याला निघायच्या वेळी गाठी सोडवत बसावं लागतं. उभ्या पेटीत आत पितळी आकडे लावून माळा टांगता येतात आणि खाली नथीला, कुड्यांना एक ड्रॉवर काढता येतो.

ते दार मी श्रावणात केलं. सागाची चौकट आणि मध्ये फणसाचं पॅनेल. फणसाचं लाकूड आमच्याकडे मुबलक. ताजं कापलेलं हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षं जातात तसं तांबूस तपकिरी होत जातं. मला ते फार आवडतं. पॅनेल चौकटीच्या खाचेत बसवताना मी चारही बाजूंनी फेविकॉल भरला, दार भक्कम व्हावं म्हणून. पेटी भाचीबरोबर सोलापूरला गेली. एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "मावशी, भर दुपारी खोलीत काहीतरी कडाडलं. बघते तर पेटीच्या दाराला वरपासून खालपर्यंत चीर." लग्नात दिलेली वस्तू तडकली, याचं मला फार वाईट वाटलं. दोन दिवस मी पटाशीला हात लावला नाही.

काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "अगं बाय, सगळीकडून चिकटवलंस, मग फळी आक्रसणार कुठे?"

श्रोतेहो, लाकूड तोडून, चिरून, वाळवून झालं तरी हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. ओलावा घेतला की ते रुंदीत फुगतं, सोडला की रुंदीतच आक्रसतं. लांबीत, म्हणजे तंतूंच्या दिशेनं, जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सहा इंच रुंद फळी पावसाळा ते कडक उन्हाळा एवढ्या काळात एक ते दोन मिलिमीटर कमी-जास्त होते. पॉलिश केलं तर हे सावकाश होतं, थांबत नाही. फळीला अडवून धरलं तर ती फाटते किंवा चौकटीचे सांधे उचकटते. पॅनेलचं दार यासाठीच असतं. चौकटीच्या पट्ट्या अरुंद, म्हणून त्या फारशा बदलत नाहीत आणि दाराचं माप टिकतं. रुंद फळी मधल्या खाचेत मोकळी राहते, तिला हवं तेवढं हलते. वाड्यांची, जुन्या घरांची पॅनेलची दारं बघा. नक्षी म्हणून आपण ज्याकडे बघतो, ती मुळात लाकडाला दिलेली जागा आहे.

आता माप सांगते, कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. दार आठ इंच रुंद. उंची मात्र माळ टांगून मोजा आणि मगच ठरवा. चौकटीच्या पट्ट्या सव्वा इंच रुंद, पाच सूत जाड. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पट्टीच्या आतल्या कडेला मधोमध खाच, दोन सूत रुंद आणि तीन सूत खोल. आडव्या पट्ट्यांच्या टोकांना दोन सूत जाडीचं कुसू, म्हणजे भोकात शिरणारी जीभ, काढायचं, उभ्या पट्टीत त्याचं भोक पाडायचं. फेविकॉल फक्त या सांध्यांना. दोन्ही कर्ण मोजून बघायचे. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे.

या मापानं दोन्ही खाचांच्या तळांमधलं अंतर सव्वासहा इंच होतं. पॅनेल किती रुंद कापायचं? इथे कॅलेंडर बघायचं. श्रावणात काम करत असाल तर फळी आधीच फुगलेली आहे. ती यापुढे आक्रसणारच, म्हणून खाच जवळजवळ भरेल अशी कापा, पाव सूत सैल पुरे. शिमग्याच्या सुमारास करत असाल तर फळी कोरडी आहे, पावसात ती फुगणार. तेव्हा पूर्ण एक सूत कमी, म्हणजे सहा इंच एक सूत. कोकणात मे महिन्यात हवा पुन्हा दमट होते, त्यामुळे मे महिना कोरडा धरू नका. शिवाय पेटी कुठे नांदणार आहे तेही बघा. चिपळूणची फळी सोलापूरच्या उन्हाळ्यात इथल्यापेक्षा जास्त आक्रसते, म्हणून खाच तीन सूत खोल. फळी कितीही आवळली तरी तिची कड बाहेर येता कामा नये. आणि फळी वखारीतून आणल्या आणल्या कापू नका. दोन-तीन आठवडे घरात, भिंतीला टेकून, राहू द्या.

पॅनेल मध्ये चार सूत जाड ठेवून कडा उतरत्या करायच्या, म्हणजे कड खाचेत शिरण्याइतकी पातळ होते. रंधा आधी आडव्या कडांवर चालवा, जिथे तंतू कापले जातात. तिथे कोपऱ्याला हमखास टवका उडतो. नंतर उभ्या कडा रंधल्या की तो टवका आपोआप निघून जातो. उलट क्रमानं केलंत तर टवका तसाच राहील.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते. पॅनेलला पॉलिश चौकटीत बसवण्याआधी करा, कडांसकट. नंतर केलं तर उन्हाळ्यात फळी आत ओढली जाते आणि दोन्ही बाजूंना बिनपॉलिशची पांढुरकी रेघ उघडी पडते. मी चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवते आणि कापडाच्या बोळ्यानं पातळ हात देते. पेटीच्या आतही हेच पॉलिश. तेलाचा वास बंद पेटीत महिनोन् महिने कोंडून राहतो, लाखेचा लवकर उडतो. ड्रॉवरमध्ये अस्तर सुती लुगड्याचं लावते. लोकरीच्या अस्तरानं चांदी काळवंडते.

बिजागऱ्या एक इंची, पितळी. पितळी स्क्रू सागात पिळताना मऊपणामुळे तुटतो, म्हणून आधी भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून काढायचा, मग पितळी स्क्रू मेण लावून बसवायचा.

भाचीच्या पेटीला दुसरं दार मी शिमग्यात केलं. काही जण पॅनेलला वर आणि खाली, अगदी मधोमध, फेविकॉलचा एकेक थेंब लावतात, म्हणजे ते दोन्ही बाजूंना सारखं हलतं. तेही चालतं. मी थेंबही लावला नाही. पॅनेलच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं, "फणस, शिमगा, एक सूत सैल," आणि दार पाठवून दिलं.

पंधरा दिवसांत तिचा फोन. "मावशी, दार लावताना आतली फळी जराशी खुळखुळते गं. सैल राहिलं का?"

मी म्हटलं, "खुळखुळू दे. श्रावणात कान देऊन ऐक."

श्रावणात तिनं आपणहून फोन केला, रिसीव्हर दाराजवळ धरला आणि दार दोनदा उघडून लावलं. फक्त बिजागरीचा आवाज आला.