वाघिणी मोजताना

(दृश्य : कोलाड स्थानक, पावसाळी पहाट. सपाट वाघिणींवर ट्रक चढताहेत.)

कोकण रेल्वेची ही रो-रो (‘रोल ऑन, रोल ऑफ’) सेवा १९९९ची. घाटवळणांवर चिखल तुडवण्यापेक्षा ट्रकच वाघिणीवर चढवायचा, ड्रायव्हर-क्लीनर आतच बसून राहणार, आणि उतरायचं थेट गोव्यात, वेर्ण्याला.

गाडीची लांबी किती? एक इंजिन, अधिक वाघिणींची संख्या गुणिले एका वाघिणीची लांबी. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हाच हिशेब जागोजाग सापडतो. पुढे ठरावीक आकाराचा मथळा, मागे हव्या तितक्या नोंदी. बेरीज-गुणाकार करून तेवढी मेमरी ‘केमॅलॉक’कडे, म्हणजे कर्नलमधल्या मेमरी वाटणाऱ्या फंक्शनकडे, मागायची.

(दृश्य : लॅपटॉपच्या पडद्यावर कोडची एक ओळ.)

घोटाळा त्या गुणाकारात. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढचा आकडा मावत नाही. काटा फिरून शून्यावर येतो. समजा, एक नोंद १६ बाइटची आहे आणि बाहेरून कुणी सांगितलं, नोंदी २६,८४,३५,४५७. गुणाकाराचं उत्तर येतं फक्त १६! कर्नल निमूट इंजिन आणि एका वाघिणीपुरती जागा देतो. मग नोंदी एकेक करून भरणारा कोडचा लूप सव्वीस कोटींचा ताफा तिथे चढवू लागतो, शेजारची मेमरी तुडवत. हल्लेखोर याचीच वाट बघत असतो. ६४ बिटांची मर्यादा अफाट आहे खरी, पण हिशेब मध्येच ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये (आकडा ठेवायच्या कप्प्यात) उरकला की तीच गत.

२०१८ साली, कर्नलच्या ४.१८ आवृत्तीत, कर्नल-डेव्हलपर केस कुक यांच्या पुढाकाराने असे उघडे गुणाकार मोठ्या संख्येने बदलले गेले. इंजिन-वाघिणींच्या हिशेबासाठी ‘स्ट्रक्ट साइज’ हे तयार साधन आलं. उत्तर मावत नसेल, तर ते सरळ शक्य तितका मोठा आकडा हाती ठेवतं. एवढी मेमरी देणार कोण? मागणी फेटाळली जाते, रिकामा पॉइंटर, म्हणजे कुठल्याच जागेचा नसलेला पत्ता, परत येतो. मला ही युक्ती फार आवडते : चुकायचंच तर इतकं चुका, की स्टेशनमास्तर हिरवा झेंडाच दाखवणार नाही.

(दृश्य : गाडी हलते. शेवटची वाघीण.)

तरी एक खोड उरतेच. त्या कमाल आकड्यापुढे कुणी सवयीने ‘अधिक १’ लिहिलं, की उत्तर पुन्हा शून्य. मग बेरजेसाठीही वेगळं ‘साइज ॲड’ आणावं लागलं.