दान तिथेच ठेव आणि जा

बंधूंनो आणि भगिनींनो,

आत्ता वाचला तो शास्त्रभाग मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातला, वचनं २३ आणि २४. ही वचनं आपल्याला इतकी पाठ आहेत, की ती कानावर पडतात आणि निघून जातात. म्हणून आज जरा सावकाश वाचू या.

एक माणूस दान घेऊन वेदीपाशी आला आहे. तिथे त्याला आठवतं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काहीतरी आहे. प्रभू येशू सांगतो, दान तिथेच वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे.

आता हे कोण ऐकत होतं ते पाहा. डोंगरावर बसलेले बरेचसे लोक गालीलातले. वेदी मात्र यरुशलेमेतल्या मंदिरात. मध्ये शंभर किलोमीटरांहून जास्त अंतर, पायी तीन-चार दिवसांची वाट. आणि दान म्हणजे कोकरू. ऐपत नसेल तर दोन पारवे. एवढी पायपीट करून, धुळीनं माखून माणूस पोहोचला, वेदी समोर दिसते आहे, आणि प्रभू म्हणतो, ते तिथेच राहू दे, परत गावी जा. भावाला भेट. मग पुन्हा ये. म्हणजे आठवड्याभराची वाटचाल! ऐकणाऱ्यांना हे अंतर पायांनी माहीत होतं. भाऊ कुठे राहतो आणि आपण कुठे उभे आहोत, हे लगेच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार.

आणखी एक गोष्ट. ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर’ असं तिथे लिहिलेलं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. मी कुणाकुणाला क्षमा केली याची यादी माझ्याकडे तयार असते. माझ्यामुळे कोण दुखावलंय, ही यादी मी कधी करतच नाही. प्रभू मात्र तीच मागतो.

माझंच सांगतो. नोकरीत असताना माझ्या हाताखालच्या एका तरुणानं कित्येक रात्री जागून एक अहवाल तयार केला. वरिष्ठांसमोर मी तो माझा म्हणून ठेवला. शाबासकी मिळाली, मी ती घेतली. तो काही बोलला नाही. दोन वर्षांनी एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून आपण भाकर घेतो तेव्हा, भाकरीचा तुकडा हातात आला आणि मला त्याचा चेहरा दिसला. त्या दिवशी मी तो तुकडा घेतला, खाल्ला, गीतही गायलो. मी उठलो नाही. त्याच्या दारात गेलो तो तीन आठवड्यांनी. त्यानं पाणी दिलं. मी माफी मागितली. तो बराच वेळ ग्लासाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “साहेब, हे तुम्ही मला सांगताय. त्यांना सांगितलंत का?”

मी सांगितलं नव्हतं. माफी मला एका खोलीत, दोघांतच उरकायची होती. नाव मात्र त्याचं सगळ्यांसमोर पुसलं होतं.

त्या प्रश्नानंतर मला लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय कळला. लूकाच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात तो रडत बसत नाही. उभा राहून हिशेब सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं असेल त्याला चौपट परत. जुन्या करारातल्या लेवीयाच्या ६ व्या अध्यायात नियम असा, की फसवून घेतलेलं पूर्ण परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा भरायचा, आणि मग दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाबद्दल वाहायचा, मेंढा याजकाकडे न्यायचा. आधी माणूस, मग मेंढा. क्रम तेव्हापासूनचा आहे. जक्कय तर पाचव्या हिश्शावर थांबलाच नाही. “आज या घराला तारण प्राप्त झालं आहे,” असं प्रभू म्हणतो ते हा हिशेब ऐकल्यावर.

कुणी विचारेल, तारण कृपेनं ना, मग ही कर्मं कशाला? इफिसकरांस पत्रातली २:८-९ आपण तोंडपाठ म्हणतो आणि तिथेच थांबतो. १० वं वचनही म्हणा: सत्कर्मांसाठीच आपण निर्माण केलेले आहोत. पुढे मी वरिष्ठांना खरं सांगणारं पत्र लिहिलं, ते तारण मिळवायला नाही. ज्या प्रभूनं माझं एवढं देणं फेडलं, त्याच्यासमोर दुसऱ्याचं नाव दाबून बसणं मला अशक्य झालं, म्हणून लिहिलं. तो तरुण पुन्हा पूर्वीसारखा माझ्याशी बोलला, असंही मी सांगणार नाही. नमस्कार करतो. समेटाला दोघं लागतात. जायचं काम माझं होतं.

रोजच्या जगण्यातला विश्वास मला अशाच ठिकाणी दिसतो. अडवून ठेवलेली मजुरी संध्याकाळच्या आत देण्यात. आजाऱ्याची चादर तो चिडचिड करत असतानाही बदलण्यात. आईनं लेकराला “मघाशी मी उगाच ओरडले” असं म्हणण्यात. यातलं काहीही मंडळीच्या अहवालात येत नाही.

आता प्रभुभोजन आहे. पाळकांशी मी आधीच बोललो आहे. मेज मांडलेलं आहे, पण आपण वीस मिनिटं थांबणार आहोत. कुणाला बाहेर जाऊन फोन करायचा असेल, किंवा याच सभागृहात कुणाच्या शेजारी जाऊन बसायचं असेल, तर उठा. भाकरी झाकून ठेवली आहे.