नोत्र-दामचा मधला दरवाजा

(दृश्य : पहाटेचं पॅरिस. कॅमेरा लाकडी दारावरच्या लोखंडी पानाफुलांवरून हळूहळू सरकतो.)

नोत्र-दाम कॅथेड्रलच्या पश्चिम बाजूला तीन मोठी दारं आहेत. तिन्हींवर लोखंडाच्या वेली पसरल्या आहेत. कडेच्या दोन दारांवरचं काम मध्ययुगातलं. मधल्या दारावरचं एकोणिसाव्या शतकातलं.

कडेच्या दारांची एक दंतकथा आहे. इतकं नाजूक लोखंड माणसाच्या हातून घडेलच कसं? लोक सांगत, बिस्कोर्ने नावाच्या तरुण लोहारानं सैतानाला आत्मा विकून ही दारं घडवून घेतली. मधल्या दाराला मात्र सैतान हात लावू शकला नाही, कारण तिथून पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या भाकरीची, मिरवणूक जायची.

1771 मध्ये त्याच मिरवणुकीचं छत्र आत जावं म्हणून वास्तुविशारद सुफ्लो यांनी या दाराचा मधला दगडी खांब काढून टाकला, वरचं शिल्पही कापलं. पुढच्या शतकात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांनी जीर्णोद्धारात ते पुन्हा उभं केलं. लोखंडाचं काम आलं पिएर बुलांजे या कारागिराकडे.

(ध्वनी : भाता, मग ऐरणीवर घण.)

जुन्या वेली ओतीव नव्हत्या, घडीव होत्या. नक्कल करायची तर जुनी रीतच पुन्हा शोधायला हवी होती. पान तापवून ठशात ठोकायचं. ते देठाला जोडायचं, देठ फांदीला, फांदी मुख्य पट्टीला. प्रत्येक जोड भट्टीतला. लोखंड पांढरं होईपर्यंत तापवून घणानं एकजीव केलेला. ताव कमी पडला तर जोड धरत नाही, क्षणभर जास्त झाला तर लोखंड जळतं. शिवाय वेल वाढत जाते तशी जड होत जाते, आणि भट्टीत फक्त नवा जोड तापायला हवा. शेजारी आधी घडलेलं पान वितळलं, तर तेवढी मेहनत वाया.

माझ्या लेखी बुलांजेंच्या कामाचं मोल इथेच आहे. सैतानाच्या नावावर जमा झालेली कला त्यांनी पुन्हा लोहाराच्या हातात आणून दिली.

15 एप्रिल 2019 च्या आगीत कॅथेड्रलचं छप्पर आणि त्यावरचा टोकदार मनोरा गेला. दारं वाचली.

(दृश्य : 7 डिसेंबर 2024, कॅथेड्रल पुन्हा उघडण्याचा दिवस. पावसाळी, वाऱ्याची संध्याकाळ.)

पॅरिसच्या आर्चबिशपांच्या हातात धर्मदंड आहे, आगीतून वाचलेल्या छपराच्या तुळईपासून केलेला. त्यांनी तो मधल्या दारावर आपटला.

(शांतता. मग आतून गायकवृंदाचे सूर.)

दार उघडलं.