आतला शेक आणि मोठ्या आईचं दही

राम राम मंडळी. आज बोलायचं आहे कॅन्सरच्या आतल्या शेकाबद्दल, म्हणजे अंगाच्या आतून गाठीला किरणं देतात त्याबद्दल, डॉक्टर लोक ज्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. पण आधी आमच्या मोठ्या आईचं दही सांगू द्या, ते सांगितल्याबिगर माझी गाडी पुढं जातच नाही.

मोठ्या आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. बाहेरून शेक झाले, मग आतून. नागपूरहून घरी आली तर सुनेनं ताट-गिलास वेगळं काढलेलं, बाज ओसरीत टाकलेली, नातवाला जवळ फिरकू देईना. वरून शेजारीण म्हणे, हिच्या अंगात लाईट भरला, ही बसते तिथं दूध नासते. मोठी आई काहीच बोलली नाही. रात्री सगळे झोपल्यावर उठली, गंजभर दूध कोमट केलं, इरजण लावलं आन् गंज ठेवला आपल्याच बाजेखाली. सकाळी दही असं लागलेलं की चमचा उभा राहावा. पाकिटवाल्यांना नाही कळायचं हे, ते दही नोहेच, पण जाऊ द्या. दुपारी शेजारणीला बोलावून भाकरीसंगं वाढलं, तिनं दोनदा मागून घेतलं, आन् हात धुताना मोठी आई म्हणते, "कसं लागलं वं बाई? रातभर माह्या बाजेखाली होतं ते." नातू त्या रात्रीपासून पुन्हा तिच्याच बाजेवर.

तर ऐका, या आतल्या शेकाच्या मशीनमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं इरिडियम, म्हणजे किरणं फेकणारा धातू असते, बारीक तारेच्या टोकाला. भूल देऊन नळ्या बसवतात, सीटी नाहीतर एमआरआय पाहून हिशोब करतात की गाठीला शेक किती, मूत्राशयाला कमीत कमी कसा. तार नळीतून आत जाते, ठरल्या जागी ठरले सेकंद थांबते आन् परत मशीनमध्ये. परत मशीनमध्ये, बरं का, अंगात काही राहत नाही. पूर्वी सीझियम नावाचा किरणं फेकणारा दुसरा धातू आत घालून बाईला दोन-दोन दिवस एकटं पाडून ठेवत. इरिडियमचा जोर 74 दिवसांत अर्धा होतो म्हणून तीन-चार महिन्यांनी बदलावं लागते, कोबाल्टवालं वर्षानुवर्षं चालते.

थायरॉइडसाठी देतात त्या किरणं फेकणाऱ्या आयोडीनची गोष्ट वेगळी, ते पोटात घ्यायचं असते, त्यात थोडे दिवस लेकरं आन् गर्भार बाया लांबच पाहिजेत. दोन्हीचा घोळ करू नका.

मोठी आई म्हणे शेक पंधरा मिनिटांचा, आन् यष्टीची वाट पाहिली तीन तास.