हिरवा हत्ती आणि सही न केलेलं कलम

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘शॉपिंग सेंटरचे भाडेकरार आणि स्पर्धा कायदा’. हे वाचूनही आपण आलात, म्हणजे एकतर आपण वकील आहात, नाहीतर या सभागृहाचा एसी चांगला आहे हे आपल्याला ठाऊक आहे. (हशा) एका दुकानाच्या सोयीसाठी दुसऱ्याचा धंदा अडवणारी भाडेकरारातली कलमं वैध कधी आणि अवैध कधी, हे मी सांगायचं कबूल केलंय. सांगतो. पण आधी एक हत्ती.

बरीच वर्षं झाली. माझ्या एका अशिलाचं शॉपिंग सेंटरात पुस्तकांचं दुकान होतं. एक दिवस त्यांना गाळामालकाचं पत्र आलं: ‘आपण लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकांसोबत खडूची पेटी देता. हा खेळण्यांचा व्यवसाय ठरतो. पंधरा दिवसांत बंद करावा.’ अशील घाबरून माझ्याकडे आले. मी त्यांचा भाडेकरार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकोणसाठ पानं. भाडेकरार झोप येण्यासाठी वाचणारे पुष्कळ असतील, मी त्यासाठी झोप मोडली. खेळण्यांचा उल्लेख कुठेही नाही! मग बेचाळिसाव्या पानावर, पार्किंग आणि कचऱ्याच्या मध्ये, अर्धी ओळ सापडली: ‘इतर गाळेधारकांस दिलेल्या हक्कांच्या अधीन राहून.’

कोणते हक्क? तर त्या सेंटरातल्या सर्वांत मोठ्या दुकानाला, ज्याला धंद्यात अँकर म्हणतात, मालकाने लिहून दिलं होतं की दुसऱ्या कुणालाही ‘खेळणी व मुलांच्या करमणुकीच्या वस्तू’ विकू देणार नाही. तो करार दाखवा म्हटलं, तर उत्तर आलं, गोपनीय आहे. म्हणजे कलम पाळायचं माझ्या अशिलाने, आणि वाचायचं मात्र नाही.

बैठक ठरली. समोर तीन वकील. मी ते रंगवायचं पुस्तक आणि खडूची पेटी टेबलाच्या मधोमध ठेवली. त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी तपासणीसाठी म्हणून दोन्ही स्वतःकडे ओढली. पुस्तक म्हणजे काय, खेळणं म्हणजे काय, यावर दोन तास खल झाला. उठताना पाहतो, तर पान नऊवरचा हत्ती हिरवागार! रेषेबाहेर कुठे गेलेला नाही, फक्त शेपूट राहिली होती. मी विजयी मुद्रेने म्हणालो, “साहेब, पुरावा आपणच तयार केलात!” तेवढ्यात माझ्या ज्युनिअरने कानाशी येऊन सांगितलं, “सर, हा पुरावा आपल्या विरुद्ध जातो.” (हशा) बरोबरच होतं. खेळले ते, म्हणजे ते खेळणंच ठरलं की!

शेवटी तडजोड झाली. पुस्तकं राहिली, खडू गेले. खाली उतरताना सहज त्या मोठ्या दुकानात डोकावलो. खेळण्यांचा विभाग केव्हाच बंद झाला होता. तिथे सुटकेसी मांडलेल्या होत्या. कलम मात्र जिवंत.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे. मालक आणि अँकर दोघंही राजीखुशीने सही करतात. ज्याचा धंदा अडतो तो त्या टेबलावर नसतो, आणि पुढे महाग घेणारं गिऱ्हाईक तर त्या इमारतीतही नसतं. म्हणून ‘दोघांमधला खासगी करार’ हा बचाव ऐकला की मला तो हत्ती आठवतो.

आता बघा, पहिली चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ म्हणजे कबूल केलेला विषय सात मिनिटांत.

अँकरची बाजू अगदीच पोकळ नाही. त्याच्या नावावर माणसं येतात, त्याची सही बघून बँक कर्ज देते, आणि त्याने आणलेल्या गर्दीवर शेजारचा लहान गाळा चालतो. सुरुवातीला थोडं संरक्षण मागितलं तर समजू शकतो. प्रश्न किती वर्षं आणि किती वस्तूंसाठी, हा आहे.

युरोपात यावरचा महत्त्वाचा निकाल मॅक्सिमा लाटव्हिया या किराणा दुकानांच्या साखळीचा, नोव्हेंबर २०१५. लाटव्हियाच्या स्पर्धा परिषदेने ११९ भाडेकरार तपासले. त्यांतल्या १२ करारांत, सेंटरमधली इतर जागा कुणाला द्यायची यावर मॅक्सिमाची संमती लागेल, असं कलम होतं. युरोपियन न्यायालय म्हणालं, असं कलम नुसतं वाचून स्पर्धाविरोधी ठरत नाही, परिणाम पाहावा लागतो. आसपास दुसरी जागा मिळते का, बाजारात नव्याने शिरणं किती अवघड आहे, आणि अशा सगळ्या करारांची मिळून बाजाराची किती कोंडी होते. हे शेवटचं लक्षात ठेवा. एकटं कलम निरुपद्रवी दिसतं, शंभर मिळून भिंत होते.

अमेरिकेत याच्या कितीतरी आधी, १९७५ मध्ये, तिथल्या स्पर्धा नियामकाने, फेडरल ट्रेड कमिशनने, टायसन्स कॉर्नर या शॉपिंग सेंटरच्या प्रकरणात, इतर कुणाला गाळा द्यायचा यावरचा मोठ्या दुकानांचा नकाराधिकार बेकायदा ठरवला. स्वस्तात विकणाऱ्यांना बाहेर ठेवायला तो वापरला जात होता. ब्रिटनमध्ये तर जमिनीचे करार स्पर्धा कायद्यातून बऱ्याच अंशी वगळलेलेच होते. ती सूट ६ एप्रिल २०११ला गेली. पुढे २०१३ मध्ये क्रॉली नगर परिषदेने स्वतःच्या गाळ्यांवर घातलेलं, कुणी काय विकायचं हे ठरवणारं बंधन न्यायालयात टिकलं नाही.

ऑस्ट्रेलियाचा आकडा सांगतो आणि पुढे जातो. तिथल्या स्पर्धा आयोगाला सुपरमार्केटांच्या ७००हून अधिक भाडेकरारांत अशी संशयास्पद कलमं दिसली. २००९ मध्ये कोल्स आणि वूलवर्थ्स या सुपरमार्केट साखळ्यांनी लिहून दिलं की नव्या करारांत ती घालणार नाही, आणि जुन्या करारांतली दुकान सुरू होऊन पाच वर्षं झाल्यावर बजावणार नाही. ही पाच वर्षं मला पटतात. माझ्या अशिलाला त्या नियमाने खडू विकता आले असते. न्यूझीलंडने २०२२ मध्ये किराणा क्षेत्रापुरता अशा कलमांविरुद्ध सरळ कायदाच केला.

उलट्या दिशेचं कलमही असतं, रेडिअस क्लॉज. त्यात मालकच गाळेधारकाला सांगतो, इतक्या अंतरात दुसरं दुकान काढू नको. न्यूयॉर्कजवळच्या वुडबरी कॉमन आउटलेटचं हे अंतर होतं ६० मैल, म्हणजे अख्खं न्यूयॉर्क शहर त्यात! २०१७ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलशी, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी कायदा अधिकाऱ्याशी, तडजोड करताना मालक कंपनीला ते आवरतं घ्यावं लागलं आणि ९,४५,००० डॉलरही मोजावे लागले.

दुसरी चिठ्ठी. ‘संपवा’ असं स्पष्ट लिहिलंय, ‘कृपया’सुद्धा नाही. तेव्हा करार हातात असलेल्यांसाठी एवढंच. ‘अधीन राहून’ हे शब्द दिसले की सही थांबवा आणि ज्यांच्या अधीन राहायचं ती कलमं लेखी मागा. मुदत विचारा, वस्तूंची यादी विचारा. अँकरने तो माल विकणं बंद केलं तर हक्कही संपेल, असं एक वाक्य घालून घ्या. मालक कुरकुरतो, पण घालतो. मी त्यानंतर प्रत्येक करारात घातलंय.

आणि हो, ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. शेपूट तेवढी नंतर मी रंगवली.