डोळे कोरडे आहेत? मग तोंडाचं काय, सांध्यांचं काय?

नमस्कार मंडळी! पुण्यात डोळे चुरचुरायला लागले की आपला निकाल ठरलेला असतो. रस्त्यावरची धूळ, नाहीतर ऑफिसचा कॉम्प्युटर. त्यात तथ्य आहेच. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर ते प्रमाण बऱ्याचदा निम्म्यावर येतं. वर हिंजवडीपर्यंत गाडीवर वारा खात जायचं आणि तिथे दिवसभर एसीत बसायचं. पण सगळं खापर धुळीवर फोडलं की खरं दुखणं मागेच राहू शकतं, म्हणून आजचा व्हिडिओ.

आधी एक कोडं सोडवू. डोळ्यातून पाणी वाहतंय आणि डॉक्टर म्हणतात, डोळे कोरडे आहेत! असं का? तर अश्रूंमध्ये नुसतं पाणी नसतं. मिसळीच्या रश्शावर तर्री तरंगते ना, तसा त्या पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतं. ते कमी पडलं की पाणी उडून जातं, डोळा खुपतो, आणि मग भरपाई म्हणून भळाभळा पाणी येतं. ते गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही.

आता मुद्द्याचं. डोळे कोरडे आहेत म्हटल्यावर काही डॉक्टर विचारतात, "कोरडं खाताना घोटघोट पाणी लागतं का?" पेशंटला वाटतं, डोळ्यांचा आणि खाण्याचा काय संबंध? पण बाकरवडीचा तुकडा पाण्याशिवाय गिळता येत नसेल, दात भराभर किडत असतील, बोटांचे सांधे दुखत असतील, तर शोग्रेन्स सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ, त्यांनी १९३३ मध्ये यावर प्रबंध लिहिला. यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवरच उलटते. दहा रुग्णांत जवळपास नऊ बायका, त्याही बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या. आणि घरात त्यांना काय ऐकायला मिळतं? "वय झालं, होतंच असं." माझा राग या वाक्यावर आहे. पाळी जाताना डोळे कोरडे होतात, हे खरंच. पण रक्ताची तपासणी न करताच वयावर ढकलून मोकळं होऊ नका.

आमवात (सांधे सुजवणारा आजार) आणि ल्युपस, या प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या आजारांतही डोळे कोरडे पडतात. थायरॉइडच्या एका आजारात डोळे पुढे येतात, पापणी पुरती मिटत नाही, झोपेतही फट राहते. मधुमेहाची गंमत वेगळीच, गंमत कसली म्हणा! बुबुळावरच्या नसा बधिर होतात, त्यामुळे डोळा कोरडा असूनही तक्रार कमी असते.

आणि गोळ्या. अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या, पिंपल्ससाठीच्या काही गोळ्यांनी डोळे सुकतात. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. मनाने गोळी बंद मात्र करायची नाही.

तपासणीला घाबरू नका. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी ५ मिनिटं ठेवतात, ती किती ओली झाली ते मोजतात. १० मिलिमीटरच्या वर ठीक, ५ च्या आत म्हणजे चांगलाच कोरडेपणा. अर्थात तेल कमी असेल तर पट्टी नॉर्मलही येते, म्हणून ही एकच तपासणी पुरत नाही.

मेडिकलमधून "लाल डोळ्यांचे ड्रॉप द्या" असं सांगून आणू नका. त्यात स्टिरॉइड निघालं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो. साधे कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायची वेळ येत असेल, तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा.

आणि आमवात असलेल्यांनी हे लक्षात ठेवा: डोळा लालभडक झाला, ठणका लागला, उजेड सहन होईना किंवा दिसायला कमी झालं, तर ड्रॉपची बाटली शोधत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.